रडारवरचा लाल अलर्ट आणि त्यानंतरचं एक वाक्य

प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपूरहून येणारं विमान मुंबईत उतरता उतरता, घाटकोपरच्या चाळी स्पष्ट दिसत असताना, एकदम जोर लावून पुन्हा वर गेलं. कॅप्टनने "एटीसीच्या सूचनेनुसार" एवढंच सांगितलं. तेव्हा एटीसीकडे, म्हणजे विमान वाहतूक नियंत्रण कक्षाकडे, धोक्याचा अलार्म वाजला असेल का? असे अलार्म असूनही वॉशिंग्टनमध्ये विमान आणि हेलिकॉप्टरची झाली तशी टक्कर होतेच कशी? आणि शेवटी विमान वाचवतं कोण, यंत्र की माणूस?

मी मुंबईत अ‍ॅप्रोच (विमानतळाजवळचं आकाश) आणि एरिया (दूरचं आकाश) अशा दोन्हीकडे रडारसमोर बसलो आहे, पुढे नव्या कंट्रोलरना शिकवण्याचं कामही केलं. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. बहुधा अलार्म वगैरे काही वाजला नसेल. मुंबईच्या दोन धावपट्ट्या, ०९/२७ आणि १४/३२, एकमेकींना छेदतात. म्हणजे कागदावर दोन असल्या तरी व्यवहारात एका वेळी एकच चालते. तिच्यावर एक उतरतं, एक उडतं, लगेच पुढचं उतरतं. आधी उतरलेल्या विमानाला टॅक्सी-वेवर वळायला काही सेकंद जास्त लागले, की मागच्याला जागा उरत नाही. मग टॉवरमधला कंट्रोलर 'गो अराउंड' म्हणतो आणि विमान पुन्हा वर जातं. प्रवाशांच्या पोटात गोळा येतो. टॉवरमध्ये मात्र कोणी मानही वळवून बघत नाही. हा निर्णय अलार्म वाजण्याच्या कितीतरी आधीचा असतो, आणि तो तसाच असायला हवा. हे अंतर फार ताणलं तर काय होतं ते ८ जून २०२४ रोजी मुंबईतच दिसलं. २७ वर एक विमान टेक-ऑफसाठी धावत होतं, ते जमिनीवरून उचललं जायच्या आत दुसरं त्याच पट्टीवर मागे टेकलं. कोणाला इजा झाली नाही, पण डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, चौकशी लावली आणि संबंधित कंट्रोलरला कामावरून बाजूला केलं. तो व्हिडिओ ज्यांनी पाहिला त्यांना यापुढे गो-अराउंडचा राग येणार नाही.

आता अलर्टकडे येऊ. लोकांच्या मनात एटीसी म्हणजे तो उंच मनोरा. मुंबईचा मनोरा जवळजवळ ८४ मीटरचा आहे, दिसतोही झकास. पण तुम्ही ज्या अलर्टबद्दल विचारता ते मुख्यतः वाजतात खिडक्या नसलेल्या, मंद दिव्यांच्या रडार हॉलमध्ये. तिथल्या पडद्यावर प्रत्येक विमानाचा एक ठिपका आणि त्याला चिकटलेलं लेबल असतं: कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव), उंची, वेग, वर जातंय की खाली येतंय ते दाखवणारा बाण. दोन विमानांमध्ये उभं अंतर साधारण १,००० फूट किंवा आडवं अंतर विमानतळाजवळ ३ आणि दूरवर ५ सागरी मैल, यापैकी एक तरी सतत राखणं हे आमचं मूळ काम. दोन्ही एकदम कमी होऊ द्यायची नाहीत. याला आम्ही सेपरेशन म्हणतो आणि अख्खी नोकरी याच एका शब्दाभोवती फिरते.

हे अंतर मोडण्याच्या बेतात आहे असं संगणकाला दिसलं, की 'शॉर्ट टर्म कॉन्फ्लिक्ट अलर्ट' लागतो. आम्ही त्याला एसटीसीए म्हणतो. संगणक प्रत्येक विमानाचा आताचा वेग, दिशा आणि चढण्या-उतरण्याचा दर घेतो आणि ही रेघ तशीच पुढे ओढली तर साधारण दोन मिनिटांच्या आत कोण कोणाच्या किती जवळ येईल ते मोजतो. धोका दिसला की दोन्ही लेबलं लाल होऊन लुकलुकतात, सोबत आवाज होतो. बस, एवढंच. उपाय तो सांगत नाही. कोणाला वळवा, कोणाला थांबवा, हे ठरवायचं कंट्रोलरने. आणि मुख्य म्हणजे वैमानिकाला त्या अलर्टचा पत्ताच नसतो. त्याच्या कानापर्यंत पोचतं ते फक्त कंट्रोलरचं वाक्य.

दोन मिनिटं ऐकायला भरपूर वाटतात. हिशोब करून बघा. समोरासमोर येणारी दोन जेट विमानं प्रत्येकी ४५० नॉटने उडत असतील, तर ती ताशी ९०० सागरी मैलांनी एकमेकांकडे येतात, म्हणजे मिनिटाला १५ मैल. आमचं ते पाच मैलांचं पवित्र अंतर वीस सेकंदांत संपतं. त्यात रडारची तबकडी विमानतळाजवळ चार-पाच सेकंदांनी एक फेरी मारते, लांब पल्ल्याची त्याहून सावकाश. पडद्यावर दिसतं ते नेहमी थोडं शिळंच असतं. मग कंट्रोलरने बघायचं, ओळखायचं, ठरवायचं, बटण दाबून बोलायचं. वैमानिकाने ते ऐकायचं, परत म्हणून दाखवायचं, ऑटोपायलटची घुंडी फिरवायची आणि कित्येक टनांचं धूड वळायला लागायचं. यात अर्धा मिनिट सहज जातो. मधेच दुसऱ्या कोणी त्याच फ्रीक्वेन्सीवर बटण दाबलं, तर दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून फक्त चिरका सूर ऐकू येतो आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

म्हणून शिकाऊ कंट्रोलरला मी पहिल्याच आठवड्यात सांगायचो की अलर्ट बघून काम करायचं नसतं. अलर्ट लागेपर्यंत थांबलास, तर तुझं नियोजन आधीच हुकलेलं आहे.

हा अलर्ट अस्तित्वातच नसेल तर काय होतं, याचं आपल्या देशातलं उदाहरण १२ नोव्हेंबर १९९६ चं. हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात दिल्लीहून निघालेलं सौदीचं बोइंग ७४७ आणि दिल्लीला येणारं कझाकस्तानचं इल्युशिन-७६ समोरासमोर आदळली. ३४९ माणसं गेली. येणाऱ्या विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, जाणाऱ्याला १४,००० फुटांवर. कंट्रोलरने समोरून विमान येतंय, किती मैलांवर आहे, हेसुद्धा कझाक विमानाला सांगितलं होतं. तरी ते १५,००० च्या खाली उतरलं. दिल्लीच्या कंट्रोलरसमोर तेव्हा प्रायमरी रडार होतं, ज्यात विमानाचा ठिपका दिसतो पण उंची दिसत नाही. ते विमान दिलेली उंची सोडून खाली सरकतंय, हे कळायची सोयच त्याच्याकडे नव्हती. त्यात येणारी आणि जाणारी विमानं एकाच अरुंद मार्गिकेतून ये-जा करत होती.

आज तोच प्रसंग आला तर एसटीसीएच्या आधी दुसरा एक अलर्ट लागेल. मी ज्या उंचीची परवानगी दिली ती लेबलमध्ये भरलेली असते. विमान तिच्यापेक्षा खाली किंवा वर गेलं की लेबलातला आकडा रंग बदलतो. सामान्य माणसाने याचं नावही ऐकलेलं नसतं. माझ्या मते मात्र रोजच्या कामात सगळ्यात उपयोगी अलर्ट हाच, कारण तो टकरीची वाट बघत नाही. चूक झाली रे झाली की सांगतो. वैमानिकाने ऐंशी (म्हणजे ८,००० फूट) ऐकलं आणि मी साठ म्हटलं होतं, असली गफलत दोन विमानं जवळ यायच्या आत पकडता येते. अट एकच: कंट्रोलरने दिलेली उंची लेबलमध्ये खरोखर भरलेली हवी. गर्दीच्या वेळी 'नंतर भरतो' म्हणणारे असतात. त्यांच्यासाठी हा अलर्ट असून नसल्यासारखा.

चरखी दादरीनंतर भारतात विमानांवर टीकॅस, म्हणजे टक्कर टाळण्याचा इशारा देणारं यंत्र, सक्तीचं झालं. हे यंत्र जमिनीवरच्या आमच्या कुठल्याही यंत्रणेवर अवलंबून नसतं. दोन विमानांचे ट्रान्सपॉन्डर (विमानाची ओळख आणि उंची कळवणारे रेडिओ) आपसात बोलतात आणि टक्कर होणार असं दिसलं की एकाच्या कॉकपिटमध्ये 'क्लाइम्ब, क्लाइम्ब' आणि दुसऱ्याच्या 'डिसेंड, डिसेंड' असा हुकूम होतो. त्याआधी 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' अशी सूचना येते. हुकूम येतो तेव्हा टकरीला साधारण १५ ते ३५ सेकंद उरलेले असतात. म्हणजे कंट्रोलरचा अलर्ट आधी, टीकॅस नंतर. दोघांचे सल्ले एकमेकांविरुद्ध गेले तर काय, हा खरा कळीचा मुद्दा, आणि तो सुटायला दोन मोठे प्रसंग घडावे लागले.

पहिला जपानचा, ३१ जानेवारी २००१ चा. एकाच कंपनीची दोन विमानं, ९०७ आणि ९५८. एक चढत होतं, दुसरं ३७,००० फुटांवर सरळ चाललं होतं. दोन्ही अगदी जवळ यायच्या सुमारे मिनिटभर आधी कंट्रोलरच्या पडद्यावर अलर्ट लागला. खुर्चीत शिकाऊ कंट्रोलर होता. त्याला ९५८ ला खाली पाठवायचं होतं, तोंडातून निघालं ९०७. त्याच वेळी ९०७ च्या कॉकपिटमध्ये टीकॅस 'वर जा' म्हणत होतं. वैमानिकाने कंट्रोलरचं ऐकलं. शेजारी बसलेल्या सुपरवायझरने माइक हातात घेतला आणि घाईत ९५७ ला खाली यायला सांगितलं. ९५७ नावाचं विमान तिथे नव्हतंच. शेवटी वैमानिकाने डोळ्यांनी बघून विमान दामटून खाली नेलं आणि टक्कर टळली. सुमारे शंभर जण जखमी झाले, बरेचसे पट्टा न लावल्यामुळे छतावर आपटून. म्हणजे अलर्ट लागला, माणसाने बघितला, निर्णयही बरोबर घेतला, आणि घोळ झाला तो आकडा उच्चारताना. आमच्याकडेही एकाच कंपनीची सारख्या आकड्यांची विमानं एकाच वेळी एकाच फ्रीक्वेन्सीवर असतात. शांत वेळी जीभ घसरली तर वैमानिकच विचारतो, "आमच्यासाठी होतं का?" लाल लेबल लुकलुकत असताना तेवढीही सवड नसते.

दुसरा प्रसंग १ जुलै २००२ चा, जर्मनी-स्वित्झर्लंडच्या सीमेवर उबरलिंगेनच्या आकाशातला. रशियाचं तुपोलेव्ह आणि डीएचएलचं मालवाहू बोइंग धडकली, ७१ जण गेले, त्यात अनेक शाळकरी मुलं होती. झुरिकच्या केंद्रात त्या रात्री एकच कंट्रोलर दोन जागा सांभाळत होता, दुसरा विश्रांतीला गेलेला. यंत्रणेच्या देखभालीचं काम चालू असल्याने पडद्यावर दिसणारा अलर्ट बंद होता. मुख्य फोनलाइनही त्याच कामासाठी बंद. शेजारच्या कार्ल्सरूह केंद्रात मात्र अलर्ट वेळेवर लागला. तिथले कंट्रोलर झुरिकला फोन लावत राहिले आणि फोन लागेना. इकडे झुरिकच्या कंट्रोलरने उशिरा धोका ओळखून तुपोलेव्हला खाली यायला सांगितलं. टीकॅस त्याला वर जायला सांगत होतं. त्याने कंट्रोलरचं ऐकलं. डीएचएलने टीकॅसचं ऐकलं, ते पण खाली आलं.

या दोन घटनांनंतर जगभर नियमातला संदिग्धपणा गेला. टीकॅसने हुकूम दिला की वैमानिकाने तोच पाळायचा, कंट्रोलर काहीही सांगो. वैमानिक 'टीकॅस आर ए' (टीकॅसचा हुकूम आलाय) म्हणाला की आम्ही फक्त 'रॉजर' म्हणायचं आणि तो 'क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट' (धोका टळला) म्हणेपर्यंत त्याला उंचीबद्दल एकही सूचना द्यायची नाही. गप्प बसणं हे आमच्या धंद्यातलं फार अवघड कौशल्य आहे. समोर दोन ठिपके एकमेकांत मिसळताना दिसतात आणि हात माइकच्या बटणावर असतो. सिम्युलेटरवर हा प्रसंग घातला की चांगले चांगले कंट्रोलर तोंड उघडतात.

वॉशिंग्टनचं तुम्ही विचारलंत. २९ जानेवारी २०२५ च्या रात्री उतरणारं प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर पोटोमॅक नदीवर धडकली, ६७ जण गेले. तिथे टॉवरमध्ये कॉन्फ्लिक्ट अलर्ट लागला होता. विमानात 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' ही सूचनाही झाली होती. पण जमिनीपासून सुमारे १,००० फुटांखाली टीकॅस वर-खाली जाण्याचे हुकूम देतच नाही, कारण इतक्या खाली 'डिसेंड' म्हणणं म्हणजे जमिनीत घालणं. राहिला कंट्रोलर. हेलिकॉप्टरने आधीच "विमान दिसतंय, आम्ही सांभाळून जातो" असं सांगितलेलं होतं. अलर्टनंतर कंट्रोलरने पुन्हा विचारलं की विमान दिसतंय ना, आणि मागून जायला सांगितलं. तोवर वेळ संपली. चौकशीत पुढे आलं की त्या जागी हेलिकॉप्टरची वाट आणि त्या धावपट्टीवर उतरण्याची वाट यांच्यात उभं अंतर जेमतेम ७५ फूट उरू शकत होतं. माझं मत विचाराल, तर तो अपघात त्या रात्री घडला नाही, नकाशावर ती वाट आखली तेव्हाच त्याची तयारी झाली होती. जिथे दोन वाटा इतक्या जवळून नेल्या आहेत तिथे अलर्ट लागणं ही दचकण्यासारखी गोष्ट राहत नाही, आणि न दचकवणारा अलर्ट कुचकामी असतो.

यालाच आम्ही नुइसन्स अलर्ट, म्हणजे नाहक वाजणारा अलर्ट, म्हणतो, आणि या विषयावर कंट्रोलर आणि इंजिनिअर यांच्यात कायमचं गोड भांडण चालू असतं. एक विमान चढत ९,००० ला थांबणार, दुसरं उतरत १०,००० ला थांबणार, दोन्ही आपापल्या परवानगीनुसार अगदी बरोबर. पण संगणक रेघ सरळ पुढे ओढतो, त्याला ती एकमेकांना छेदताना दिसते, आणि तो बोंब मारतो. जुहूवरून मुंबई हायच्या तेलविहिरींकडे जाणारी हेलिकॉप्टरं मुख्य विमानतळाच्या पश्चिमेच्या वाटेला अगदी खेटून असतात. तिथे नीट गाळणी लावली नाही तर दिवसभर लाल दिवे चमकतील. सोसायटीच्या पार्किंगमधल्या गाडीचा अलार्म रात्री कितीदाही वाजला तरी कोणी गॅलरीत येऊन बघत नाही, तशी रडारवरच्या माणसाची गत होऊ शकते. हात आपोआप जाऊन आवाज बंद करतो, डोळे लेबलाकडे वळतच नाहीत.

मग गाळणी जास्त कडक लावली तर? त्याचं उत्तर प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर आहे, पण त्यासाठी आधी दुसऱ्या एका अलर्टची ओळख करून द्यावी लागेल. तो म्हणजे 'मिनिमम सेफ अल्टिट्यूड वॉर्निंग'. हा दोन विमानांबद्दल नसून विमान आणि जमीन यांच्याबद्दलचा आहे. ज्याच्या पूर्वेला सह्याद्री उभा आहे अशा मुंबईत याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. ७ जुलै १९६२ रोजी इटलीचं एक डीसी-८ मुंबईत उतरण्यासाठी खाली येत होतं. आपण कुठे आहोत याचा अंदाज चुकला, विमान वेळेआधीच उतरू लागलं आणि जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. ९४ जण गेले. विमान चांगलं, वैमानिक शुद्धीवर, आणि तरी डोंगर. त्या काळी खालून कोणी सांगू शकेल अशी सोय नव्हती.

२४ जानेवारी १९६६ ला मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं बोइंग जिनिव्हाला उतरता उतरता आल्प्समधल्या माँ ब्लां शिखरावर आदळलं. ११७ जण गेले, त्यात होमी भाभा होते. हा प्रसंग मराठी वाचकांना भाभांमुळे आणि त्याभोवतीच्या कटाच्या कथांमुळे माहीत असतो. चौकशीत निघालं ते कमी सनसनाटी आणि माझ्या दृष्टीने जास्त भयंकर आहे. वैमानिकाला वाटत होतं की डोंगर मागे टाकला. जिनिव्हाच्या रडार कंट्रोलरला चूक दिसली आणि त्याने ती सुधारण्यासाठी 'माँ ब्लांपर्यंत तुमचे पाच मैल आहेत' अशा अर्थाचं वाक्य उच्चारलं. वैमानिकाने त्यातून वेगळाच अर्थ घेतला आणि उतरत राहिला. कंट्रोलरने माहिती दिली, इशारा दिला नाही. 'थांबा, उतरू नका' असं ते वाक्य हवं होतं.

हाच दोष फ्लोरिडात २९ डिसेंबर १९७२ ला पुन्हा दिसला. एक मोठं प्रवासी विमान २,००० फुटांवर घिरट्या घालत असताना कॉकपिटमधले सगळे चाकाचा एक दिवा का लागत नाही यात गुंतले होते. विमान हळूहळू खाली सरकत होतं. कंट्रोलरला पडद्यावर ९०० फूट दिसलं. त्याने 'काय चाललंय तिकडे?' अशा सुरात विचारलं. उत्तर आलं, आम्ही परत वळतोय. थोड्याच वेळात विमान दलदलीत गेलं. त्यानंतर अमेरिकेत कंट्रोलरसाठी कमी उंचीचा अलर्ट बसवण्यात आला, आणि शब्दही ठरवून देण्यात आले. आज आम्ही शिकवतो ते असं: 'लो अल्टिट्यूड वॉर्निंग, चेक युअर अल्टिट्यूड इमिजिएटली', आणि लगोलग तिथला हवेचा दाब (त्यावर विमानाचं उंचीमापक जुळवतात) व किमान सुरक्षित उंची. त्यात प्रश्न नाही, नमस्कार-चमत्कार नाही.

आता ग्वाम. ६ ऑगस्ट १९९७ च्या रात्री कोरियाचं बोइंग ७४७ धावपट्टीच्या अलीकडच्या टेकडीवर आदळलं, सव्वादोनशेहून अधिक माणसं गेली. तिथे हा अलर्ट बसवलेला होता. पण खोटे अलर्ट फार लागतात म्हणून तो विमानतळाभोवतीच्या जवळजवळ सगळ्या क्षेत्रात बंद करून ठेवला होता. काम करणारी पट्टी उरली होती ती दूर समुद्रावर. चुका वैमानिकाच्याही होत्या, पण अलर्ट चालू असता तर कंट्रोलरला सांगायला वेळ मिळाला असता, असं चौकशीत निघालं. गाळणीचा प्रश्न किती नाजूक आहे ते यावरून कळावं. फार वाजला तर कोणी ऐकत नाही, आणि बंद केला तर ज्या दिवशी हवा त्या दिवशी तो नसतो.

याच अलर्टचं अलीकडचं एक उदाहरण मला वर्गात सांगायला फार आवडतं, कारण यात कोणी मेलं नाही. २३ मे २०२२, पॅरिस. पाऊस, ढग. कंट्रोलरने हवेचा दाब १००१ ऐवजी १०११ सांगितला. वैमानिकाने १०११ परत म्हणून दाखवलं, कोणाच्या लक्षात आलं नाही. दाबाचा एक हेक्टोपास्कल म्हणजे उंचीत साधारण २८ फूट. दहाची चूक म्हणजे विमान त्याला वाटतं त्यापेक्षा २८० फूट खाली. ज्या पद्धतीने ते उतरत होतं त्यात उभा मार्ग याच उंचीमापकावर ठरतो, त्यामुळे कॉकपिटमधले सगळे आकडे जागच्या जागी दिसत होते. विमानातल्या जमिनीच्या इशारा यंत्रानेही तोंड उघडलं नाही. धावपट्टीच्या मैलभर अलीकडे ते जमिनीपासून अवघ्या सहा फुटांपर्यंत आलं. खालच्या कंट्रोलरचा अलर्ट मात्र लागला होता. तो थोडा उशिरा बोलला आणि ठरलेलं वाक्य न म्हणता 'अलर्ट आलाय, ठीक आहात ना, धावपट्टी दिसतेय का?' असं काहीसं म्हणाला. वैमानिकांना धावपट्टी दिसत नव्हती आणि ते स्वतःच वर निघाले, म्हणून वाचले.

मुंबईत जुलैमध्ये दाब हजाराच्या आसपास असतो, थंडीत १०१० च्या वर. म्हणजे पॅरिसची ती चूक आपल्याकडे ऐन पावसाळ्यात, ढग खाली आलेले असताना, सहज खरी वाटेल अशी आहे. हिवाळ्यातला आकडा जिभेवर बसलेला असतो. म्हणून पहिल्या पावसाआधीच्या ब्रीफिंगमध्ये मी दाबाच्या रीडबॅकवर, म्हणजे वैमानिकाने परत म्हटलेला आकडा नीट ऐकण्यावर, निम्मा वेळ घालवायचो. पोरं कंटाळायची.

जमिनीवरच्या अलर्टबद्दल थोडंच सांगतो. धावपट्टीवर कोणी घुसलं तर दाखवणारी यंत्रणा मोठ्या विमानतळांवर असते. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदावर तटरक्षक दलाचं छोटं विमान चुकून धावपट्टीवर येऊन थांबलं आणि उतरणारं मोठं विमान त्यावर आदळलं. मोठ्यातले ३७९ च्या ३७९ वाचले, छोट्यातल्या सहापैकी पाच गेले. टॉवरच्या पडद्यावर धोक्याचा रंग मिनिटाहून जास्त वेळ दिसत होता. आवाज नव्हता, आणि कंट्रोलरची नजर खिडकीबाहेर आणि दुसऱ्या विमानांवर होती. नंतर त्यांनी तो पडदा बघायला स्वतंत्र माणूस बसवला. काही जण याला मागासलेपणा म्हणाले. मला तो शहाणपणा वाटला.

तर, यंत्र की माणूस? या प्रश्नाची मांडणीच मला पटत नाही, पण उत्तर टाळतही नाही. यंत्राचं काम माणसाची नजर योग्य जागी खेचणं, तेही वेळेत आणि क्वचित. विमान वाचतं ते त्यापुढच्या पाच-सात सेकंदांत बरोबर कॉलसाइन घेऊन उच्चारलेल्या एका आज्ञार्थी वाक्याने, आणि तेही हुकलं तर टीकॅसने. तुम्हाला हा क्रम पटला तर पुढचं आपोआप कळेल: खुर्चीत पुरेशी झोप झालेला माणूस हवा, शेजारची खुर्ची रिकामी नको, आणि क्षमतेपेक्षा जास्त विमानं एका सेक्टरमध्ये, म्हणजे एका कंट्रोलरच्या वाट्याच्या आकाशात, कोंबायची नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत फ्लाइट प्लॅनचे संदेश वाहून नेणारी यंत्रणा कोलमडली तेव्हा शेकडो उड्डाणं उशिरा सुटली आणि लोकांनी एटीसीच्या नावाने बोटं मोडली. फ्लाइट प्लॅन आपोआप आले नाहीत की लेबलं हाताने जोडावी लागतात आणि परवानगीच्या उंचीवर आधारलेला तो अलर्टही लंगडा होतो. अशा वेळी विमानांची संख्या कमी करणं, हाच एकमेव धड निर्णय होता. रांगेत ताटकळलेल्या प्रवाशाला तो पटणं कठीण, हे मान्य.

आता मुंबईसाठी नवी मुंबई विमानतळाची भर पडली आहे. एकाच आकाशात दोन मोठे विमानतळ, पलीकडे जुहू, पूर्वेला डोंगर. नव्या वाटा आखल्या की एसटीसीएचे पट्टे, कमी उंचीचे नकाशे, वगळायची क्षेत्रं, सगळं नव्याने बसवावं लागतं. पहिले काही महिने खोटे अलर्ट जास्त लागणारच. खऱ्या अलर्टनंतर कंट्रोलरला खुर्चीतून उठवून दुसऱ्याला बसवतात, रेकॉर्डिंग बाजूला काढतात आणि अहवाल जातो, ती पद्धत ठरलेली आहे. खोट्याचं तसं नाही. तो आवाज बंद करून माणूस पुढच्या विमानाकडे वळतो आणि शिफ्ट संपली की विसरतो. त्याचीही दोन ओळींची नोंद लॉगमध्ये करा, कोणत्या दोन विमानांत, कोणत्या उंचीला, कोणत्या वळणावर, असं मी मागे लागून सांगायचो. वगळायच्या क्षेत्राची रेघ कुठे सरकवायची हे इंजिनिअर त्या नोंदीवरून ठरवतो. नोंदी नसल्या तर तो सगळं क्षेत्रच बंद करून टाकतो.